आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) स्पीकिंग: इमारतीवर दोन मिनिटं काय बोलू?

सोलापूरकर: 'आवडलेली इमारत' हे क्यू कार्ड (बोलायचा विषय दिलेलं कार्ड) आलं तर ताजमहालापुढे माझी गाडी जात नाही. काय करू?

दादरची मावशी: ताजमहाल सोड बाळा, अर्धं गाव तेच बोलतं. मुंबईचं सीएसएमटी स्टेशन घे. वास्तुविशारद स्टीव्हन्सचा आराखडा, १८७८ ला काम सुरू, २००४ पासून जागतिक वारसा. पण सनावळी घोकू नकोस. गुण भाषेला असतात, इतिहासाला नाही. घुमट, रंगीत काचा, दगडात कोरलेले प्राणी, खाली लोकलसाठी धावणारी माणसं, असं डोळ्यांसमोरचं सांग. बोलण्याआधी तयारीला मिळणाऱ्या मिनिटात वाक्यं लिहीत बसायचं नाही, नुसते शब्द टिपायचे.

सोलापूरकर: सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मी तिथंच उतरतो की!

दादरची मावशी: मग झालं. पुढच्या भागात 'जुन्या इमारती जपाव्यात का' विचारतील, त्याचीही तयारी ठेव.