चर्चा: बारापैकी अकरा स्केचपेनं वाटून आली

मोगऱ्याचा वेल
लेक पाच वर्षांची, मोठ्या शिशुवर्गात. वाढदिवसाला मिळालेला बारा स्केचपेनांचा डबा परवा शाळेत घेऊन गेली आणि रिकामा करून आली. उरलं फक्त तपकिरी. "सगळी का दिलीस गं?" विचारलं तर म्हणते, "माशाकडे पण एकच उरला ना!"

हा मासा मार्कस फिस्टरच्या 'रेनबो फिश'मधला (१९९२). चमचमत्या खवल्यांचा. छोटा निळा मासा एक खवला मागतो, हा त्याला हाकलून लावतो, मग याच्याशी कुणी बोलेनासं होतं. ऑक्टोपस सांगतो, वाटून टाक. हा एक ठेवून बाकीचे वाटतो आणि लगेच सगळे दोस्त! आमच्याकडे रोज रात्री हेच पुस्तक लागतं.

बाईंनी डायरीत 'गुणी मुलगी' लिहिलंय. मला मात्र पुस्तकाचा रागच आला. मागितलं की द्यायचं, नाही दिलं तर एकटं पडायचं, हे तिनं आत्तापासून शिकायचं? शिवाय ते खवले अंगावरचे आहेत हो, डब्यातले नाहीत.

पाटीपेन्सिल
बावीस वर्षं बालवाडीत शिकवतेय. 'माझं' हा शब्द एकाही पोराला शिकवावा लागलेला नाही. एका घसरगुंडीपायी रोज दोघांची झिंज्याझिंजी होते, ती सोडवून बघा एकदा. स्वार्थ पोटातूनच येतो, पुस्तकानं दुसऱ्या पारड्यात थोडं वजन टाकलं तर बिघडलं काय?

हे माझ्या पदरचं नाही. अर्न्स्ट फेअर आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोळ्या वाटायला देऊन पाहिलं होतं (नेचर, २००८). आपल्यातली एक दुसऱ्याला द्यायची वेळ आली तर तीन-चार वर्षांच्यांत दहातलं एखादंच द्यायचं. सात-आठ वर्षांच्यांत जवळपास निम्मी. म्हणजे ते यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात आपण गोष्टी सांगतो. फिस्टरही स्विसच, योगायोग.

आडवा डोंगर
पाटीपेन्सिल, तुम्ही घसरगुंडीवरच्या दांडगोबांबद्दल बोलताय. धागा काढलाय तो अकरा पेनं देऊन आलेल्या मुलीच्या आईनं. एकच औषध दोघांना कसं चालेल?

आणि माशाचं काय घेऊन बसलात, शेल सिल्व्हरस्टीनचं 'द गिव्हिंग ट्री' (१९६४) बघा. झाड सफरचंदं देतं, फांद्या देतं, खोड देतं, शेवटी म्हाताऱ्या झालेल्या त्या मुलाला टेकायला बुंधा देतं. इंग्रजीत ते झाड 'ती' आहे. मराठीत सांगताना आपण बिनधास्त 'ते झाड' म्हणतो आणि त्यातली बाई गायब होते. माझ्या आईनं असंच आयुष्य काढलं, सगळ्यांचं पान वाढून झालं की पातेल्यात उरेल ते तिचं. तिलाही लोक गुणीच म्हणायचे. मुलीला हे पुस्तक देणार नाही, मुलाला एकदा जरूर वाचून दाखवीन.

पाटीपेन्सिल
पण त्या पुस्तकात खोड दिल्यावर झाड आनंदी झालं म्हणतात आणि पुढच्याच पानावर 'पण खरं तर नाही' असंही येतं. लेखकानं खुटी मारून ठेवलीय. आपण वाचताना ते पान भरकन उलटतो, त्यात पुस्तकाचा काय दोष? मी तिथं थांबते. गेल्या वर्षी एक पोरगं म्हणालं, "बाई, त्यानं झाडाला पाणी का नाय घातलं?"

आजीचा बटवा
काय रे तुमची परदेशी झाडं आणि मासे! आपली चिऊताई काय वाईट आहे? पावसात शेणाचं घर वाहून गेलं, कावळा दारात भिजतोय, आणि ही आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, तीट लावू दे. थांब, अंगडं घालू दे. पिढ्यान् पिढ्या आपण हे सांगून पोरांना भात भरवला. आधी आपलं बाळ, मग दार.

आडवा डोंगर
आज्जी, एक नंबर!

पाटीपेन्सिल
एक नंबर कसलं! मला लहानपणीही त्या कावळ्याचं वाईट वाटायचं. काही घरांत तर पुढे त्याला तापल्या तव्यावर बसवतात. माशात देण्याचा अतिरेक आहे म्हणता, मग इथं काय आहे?

आजीचा बटवा
तव्याचं आमच्याकडे नाही. आमच्याकडे शेवटी दार उघडते ती. उशिरा, पण उघडते.

भिजका खडू
बारा पेनांवर एवढं रामायण! पोरं पुस्तकात बघत नाहीत, आपल्याकडे बघतात. आपण डबा खाताना चकलीचा मोठा तुकडा कुठल्या हातानं उचलतो, ते त्यांना बरोब्बर दिसतं.

मोगऱ्याचा वेल
भिजका खडू, पटलं, पण झोपताना चकली वाचता येत नाही.

काल रात्री मासा बाजूला ठेवून चिऊताई सांगितली, बिनतव्याची. लेकीनं दोनदा सांगायला लावली आणि 'थांब' स्वतः म्हणाली, दर वेळी जास्तच ठसक्यात. आज दोन पेनं परत आली, त्यातल्या लालचं टोपण गायब. शेजारच्या मुलानं तपकिरी मागितलं तर म्हणाली, "थांब, माझं घर रंगवून होऊ दे." घंटा होईपर्यंत घर काही रंगवून झालं नाही.

डायरीत बाईंचा नवा शेरा आहे: 'वस्तू शेअर करत नाही. घरी समजावून सांगावे.'