आयडी प्रोटीन ब्रेक आहे तर कॅन्सर वाढवतं कसं?

शेंगाचटणी: सोलापूर विद्यापीठात एमएस्सीला आहे, पुढच्या आठवड्यात सेमिनार आणि डोकं फिरूलालंय. आयडी प्रोटीन दुसऱ्या प्रोटीनला डीएनएवर बसू देत नाही म्हणे, मग कॅन्सर कमी व्हायला पाहिजे ना बे?

सातरस्ता_चहावाला: उलटंय. ई-प्रोटीन, म्हणजे आयडी ज्यांना अडवतं ती, डीएनएवर बसून पी21 सारखे वाढ रोखणारे जीन चालू करतात, तेव्हा पेशीची वाढ थांबते आणि ती मॅच्युअर होते. आयडीला जोडी जमवायचा भाग आहे, पण डीएनए धरणारा बेसिक भागच नाही, त्यामुळं ते ई-प्रोटीनला पकडून बसतं आणि ती जोडी डीएनएच्या कामाची राहत नाही. म्हणजे वाढ थांबवणाराच अडकला. आयडी1 चा पेपर 1990 चा आहे, तो वाच आधी, नुसत्या पीपीटी ढापू नको.

शेंगाचटणी: भारी! मग यांना अडवणारी गोळी का नाही?

लॅबमधला_दादा: मिक नावाचं कॅन्सर वाढवणारं दुसरं प्रोटीन आहे, त्याचंही तेच दुखणं. औषध घुसायला खोल खाच पाहिजे, आणि ह्या जोड्यांचा पृष्ठभाग सपाट. पण सगळंच अवघड नाही हं, एपीएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पीएमएल-रारा नावाचं बिघडलेलं प्रोटीन असतं, ते एट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ह्या औषधांनी मोडतं, आणि बरेच पेशंट खरंच बरे होतात. ओलापॅरिब हे कॅन्सरचं औषध पण सेमिनारमध्ये टाक, 2014 ला अमेरिकेत मंजूर झालं, डीएनए दुरुस्तीत मदत करणाऱ्या पार्प1 प्रोटीनला तुटलेल्या डीएनएवरच अडकवून ठेवतं, बीआरसीए हा दुरुस्तीचा जीन बिघडलेल्या पेशीला मग ते दुरुस्त करता येत नाही.

शेंगाचटणी: पार्प तर एन्झाइम ना?

लॅबमधला_दादा: हो, पण डीएनएला चिकटतंच की. सर विचारणारच, तयारी ठेव.