आईचं गुगल अकाउंट भरलंय, फोटो न उडवता जागा कशी करायची?

कृष्णाकाठ:
आई सातारला असते, तिचं जीमेल बंद पडल्यासारखं झालंय. मेल जात नाहीत, येतही नाहीत, वर स्टोरेज फुल म्हणून पट्टी दिसते. पेन्शन आणि म्युच्युअल फंडाचं सगळं त्याच मेलवर येतं त्यामुळे जरा घाई आहे. अट अशी की नातवंडांचे फोटो उडवायचे नाहीत आणि दर महिन्याला पैसे भरायला ती तयार नाही. फोटोज अॅपमधे 'फ्री अप स्पेस' असं एक बटण दिसतं, ते दाबायला सांगू का? मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगणार, तेव्हा सोप्या भाषेत लिहा प्लीज.

दिवा_फास्ट:
ते बटण नको दाबायला लावू. त्याने फोनमधली जागा मोकळी होते, अकाउंटमधली नाही, म्हणजे बॅकअप झालेले फोटो फोनवरून जातात आणि गुगलवर तसेच राहतात, वर नेट नसलं की आई म्हणणार फोटो कुठे गेले.
आधी गुगल वनचं (गुगलची जादा जागा विकणारी सेवा) स्टोरेज पान उघड, अॅपमधे किंवा ब्राउझरमधे, पैसे भरलेले नसले तरी दिसतं. फुकटचे 15 जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असतात आणि कोणी किती खाल्लंय ते तिथे वेगवेगळं लिहिलेलं असतं. ते न बघता लोक जुने मेल एकेक करून उडवत बसतात, पाच हजार मेल उडवले तरी आकडा जेमतेम हलतो.

ठेचा_भाकर:
व्हॉट्सअॅप पाहा आधी. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप पूर्वी गुगलच्या कोट्यात धरत नव्हते, 2024 पासून धरायला लागले, आणि ज्येष्ठ मंडळींच्या फोनमधे सुप्रभात, हळदीकुंकू, सत्संग, भावकीचा ग्रुप हे सगळं जसंच्या तसं वर चढतं. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमधे 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे खूपदा फॉरवर्ड झालेलं आणि 5 एमबीच्या वरचं असे वेगळे गठ्ठे करून ठेवलेले असतात, ते बघून उडवायचं. मग चॅट बॅकअपमधे 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करा आणि लगेच तिथेच 'बॅक अप' दाबा. नवीन बॅकअप झाला की जुन्याच्या जागी बसतो, तो होईपर्यंत आकडा कमी व्हायचा नाही.
अजून एक, फोटोज अॅपमधे 'बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स'मधे व्हॉट्सअॅप इमेजेस चालू आहे का तेही बघा. असेल तर तेच सुप्रभात दोनदा जागा खातंय.

कृष्णाकाठ:
बाप रे, ते फोल्डर चालूच असणार, दुकानवाल्याने फोन सेट करून दिला तेव्हा सगळ्याला हो हो म्हटलेलं 😅
जुने फोटो, म्हणजे 2018-19 चे, तिला नकोयत त्यातले बरेच. ते उडवले तर?

निवांत_माणूस:
तेव्हा अपलोडची सेटिंग काय होती त्यावर आहे. 1 जून 2021 च्या आधी 'हाय क्वालिटी'त, म्हणजे थोडे दाबून, चढलेले फोटो कोट्यात धरतच नाहीत, त्यामुळे ते हजारोंनी उडवले तरी जागा शून्य मिळणार. त्यानंतरचे सगळे धरतात आणि ओरिजिनल क्वालिटीतले तर आधीपासूनच धरतात.
फोटो ठेवून जागा हवी असेल तर कॉम्प्युटरवर गुगल फोटोजच्या सेटिंगमधे 'रिकव्हर स्टोरेज' आहे. ओरिजिनल फोटो दाबून 16 मेगापिक्सेलपर्यंत आणतं, व्हिडिओ 1080पी पर्यंत. फोनवर बघायला, एखादा फ्रेम करून भिंतीवर लावायला काही फरक पडत नाही. पण परत मागे जाता येत नाही, म्हणून आधी गुगल टेकआउटने सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घे. आईच्या फोनवर हा उद्योग करू नकोस, दिवाळीला जाशील तेव्हा लॅपटॉप घेऊन जा.

दिवा_फास्ट:
मेलसाठी: सर्च बारमधे इंग्रजीत लार्जर, मग कोलन, मग 10 आणि एम, मधे स्पेस नाही. दहा एमबीच्या वरचे सगळे मेल समोर येतात. आमच्याकडे सगळे लग्नपत्रिकांचे व्हिडिओ आणि एका एजंटने पाठवलेली स्कॅन केलेली खरेदीखतं निघाली. खरेदीखतं डाउनलोड करून ठेव आणि मगच उडव हं!
आणि ट्रॅश रिकामा करायचाच. मेल आणि ड्राइव्हचा ट्रॅश 30 दिवसांनी आपोआप जातो, फोटोजचा 60, तोवर सगळं कोट्यातच असतं.

पैसे_भरा_सुखी_राहा:
मला एक कळत नाही, गुगल वनचं शंभर जीबी मी घेतलं तेव्हा महिना 130 रुपये होते, तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप? तूच घे आणि फॅमिलीत आईला जोड, आणखी पाच जण चालतात, एकमेकांचे फोटो दिसत नाहीत. आईला पैशाचं सांगायचंच कशाला.

निवांत_माणूस:
घ्यायला हरकत नाही, पण आधी साफ करून मग घ्यावं. उद्या प्लॅन बंद केला की परत 15 वर येतो आणि तोवर 40 जीबी साठलेलं असेल तर मेल पुन्हा बंद. शिवाय सलग दोन वर्षं कोट्याच्या वर राहिलं तर गुगल मेल, ड्राइव्ह, फोटो सगळंच काढून टाकू शकतं.

कृष्णाकाठ:
काल रात्री बसलो दोघी. व्हॉट्सअॅपचा बॅकअपच साडेसहा जीबीचा होता, निम्मं तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपचं. व्हिडिओ बंद केले, तो फोल्डरही बंद केला, मेल यायला लागलेत. भजनाचे तीन व्हिडिओ मात्र उडवू दिले नाहीत. टेकआउट दिवाळीत करते. त्यात फोटोंबरोबर जेसन नावाच्या ढीगभर फाइली येतात म्हणे, त्या टाकून द्यायच्या का?

निवांत_माणूस:
नको टाकूस. फोटोची तारीख किंवा माहिती गुगल फोटोजमधे नंतर बदलली असेल तर ती त्या फाइलीत असते. आणि झिप उघडून दोनचार फोटो, एखादा व्हिडिओ चालतोय का बघ, मगच 'रिकव्हर'ला हात लाव.