शब्दचर्चा : 'सेफ स्टोरेज' म्हणजे साठवण की बंदोबस्त?

डेट्रॉइटची सून

नमस्कार मंडळी. एका शब्दावर अडलेय. मुलाच्या शाळेतून कागद आलाय, घरातल्या बंदुकांच्या 'सेफ स्टोरेज'बद्दल. आमच्याकडे बंदूक नाही, येणारही नाही. पण सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत आणि नातवाला शेजारी खेळायला सोडणं-आणणं तेच करतात. म्हटलं, त्यांच्यासाठी मराठीत लिहून फ्रिजवर लावू. मंडळातल्या आणखी दोन-तीन घरांनीही मागितलंय. पहिल्याच ओळीत 'बंदुकांची सुरक्षित साठवणूक' लिहिलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "साठवणूक? अगं, किती बंदुका असतात यांच्याकडे?"

त्याच कागदात एक प्रश्न दिलाय, मूल दुसऱ्याच्या घरी पाठवण्याआधी विचारायचा : तुमच्या घरात कुलूप नसलेली बंदूक आहे का? मराठीत कसाही लिहिला तरी भांडण उकरून काढल्यासारखा वाटतो. दोन्हीसाठी काहीतरी सुचवा.

तळकोकणी

सासूबाईंना माझं मत. साठवण कांद्याची, भाताची, पाण्याची. आणि बंदुकांचा 'साठा' म्हटला की पोलिसांनी छापा घालून टेबलावर मांडून ठेवलेला फोटोच डोळ्यांपुढे येतो.

आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. आजोबा ती माजघरात उंच खुंटीला टांगत. बंदुकीच्या दारूचा डबा माळ्यावर. केपा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोप्या, त्यांच्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली जानव्याला. म्हणजे आम्हा पोरांपैकी कुणाला बार काढायचाच असता, तर खुंटी, माळा आणि आजोबांचं जानवं अशा तीन ठिकाणी हात घालावा लागला असता. याला त्यांनी कधीच काही नाव दिलं नाही. घरात दोनच शब्द होते, 'बंदूक भरलेली आहे' आणि 'बंदूक मोकळी आहे'. तुमच्या कागदात 'मोकळी करून ठेवा' लिहा, झालं.

(निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती ठाण्यात 'जमा' व्हायची आणि त्याच महिन्यात डुकरं शेतात जमा व्हायची. असो.)

वैदर्भीय

नका हो. 'मोकळी' तुमच्याकडे रिकामी असेल, पण बहुतेकांना 'मोकळं कुत्रं', 'मोकळी जनावरं' हेच आठवणार. 'बंदूक मोकळी ठेवा' असं फ्रिजवर लावलं तर अर्थ नेमका उलटा होईल. 'रिकामी' लिहा, रिकामीला दुसरा अर्थ नाही.

रात्रपाळी

वीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली, म्हणून थोडं घरचं सांगतो. अमेरिकेतली बातमी आमच्याकडे रात्री उशिरा येते आणि मथळा ठरलेला असतो, 'शाळेत माथेफिरूचा अंदाधुंद गोळीबार'. मीही हा मथळा दिलाय, मोजले नाहीत किती वेळा. आता त्यातला एकेक शब्द टोचतो. 'गोळीबार' आपल्या कानाला पोलिसांचा. 1955 च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला झाला तो. 'माथेफिरू' आला की वाचकाचं काम संपतं : डोकं फिरलेला होता, कोण काय करणार? आणि 'अंदाधुंद' तर बहुतेक वेळा खोटंच. ही मुलं आठवडे-महिने ठरवत असतात, कुणाला तरी बोलूनही दाखवतात.

पण सगळ्यात जास्त त्रास क्रियापदांचा. 'मुलाच्या हाती वडिलांचं पिस्तूल लागलं.' लागलं! जसं लॉटरीचं तिकीट लागतं. मराठीत काच फुटते, दूध उतू जातं, गोळी सुटते. करणारा कुणी नसतोच. फोडली, सोडली म्हटलं की माणूस शोधावा लागतो, आणि रात्री साडेअकराला ते परवडत नाही. गोविंदाचं आठवत असेल, 1 ऑक्टोबर 2024. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना खाली पडलं आणि 'गोळी सुटून' पायाला लागली, असं सांगण्यात आलं. आम्हीही 'सुटली'च लिहिलं. भरलेलं रिव्हॉल्व्हर कपाटात जात होतं, याला मथळ्यात जागा नव्हती.

कलमबहाद्दर

रात्रपाळींना दुजोरा, शिवाय तुमच्या डेस्कवरचा आणखी एक शब्द : 'अनैच्छिक मनुष्यवध'. हा मी तुमच्या डेट्रॉइटच्या राज्यातल्या, मिशिगनच्याच बातमीत वाचला. ऑक्सफर्ड हायस्कूल, 30 नोव्हेंबर 2021, चार विद्यार्थी गेले, सात जखमी. गोळ्या झाडणारा पंधरा वर्षांचा. पुढे त्याच्या आईला फेब्रुवारी 2024 मध्ये आणि वडिलांना मार्चमध्ये 'इन्व्हॉलंटरी मॅनस्लॉटर'साठी दोषी ठरवलं, दोघांनाही एप्रिलमध्ये 10 ते 15 वर्षं. शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी मुलाच्या आईवडिलांना या गुन्ह्यात दोषी धरण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ.

'अनैच्छिक' हा शब्द आम्ही आठवीच्या विज्ञानात शिकलो, अनैच्छिक स्नायू : हृदय, आतडी, आपल्या हुकमाशिवाय चालणारे. आईवडिलांचा गुन्हा तसा होता का? त्यांचा हेतू नव्हता एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडचं 'सदोष मनुष्यवध' जड पडतं, ते भारतीय न्याय संहितेचं कलम 105, त्याला हेतू किंवा जाणीव लागते. 'निष्काळजीपणामुळे मृत्यू', कलम 106, हलकं पडतं. खटला उभा होता तो घोर निष्काळजीपणावर. म्हणून मी 'घोर निष्काळजीपणाने मनुष्यवध' असं लिहीन. लांब आहे, रात्रपाळी रागावतील.

ठाणेकर काका

शब्दांचा कीस काढून काय होणार? तिकडे दुकानात बंदूक मिळते, हे दुखणं आहे. आपल्याकडे 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवाना नाही, 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका. म्हणून आपल्या शाळा सुरक्षित आहेत. कुलपाबिलपाच्या गप्पा नंतर.

डेट्रॉइटची सून

काका, आपल्या शाळाही अगदीच कोऱ्या नाहीत. डिसेंबर 2007 मध्ये गुडगावच्या शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गमित्रांनीच मारलं, पिस्तूल एकाच्या वडिलांचं. जुलै 2024 मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतल्या मुलानं दप्तरातून पिस्तूल आणलं आणि तिसरीतल्या मुलाच्या हाताला गोळी लागली (हो, 'लागली', रात्रपाळी, मला तरी कुठे सुचतंय दुसरं!). पण तुमच्या बोलण्यात एक शब्द दडलाय, त्यावरही मी अडलेय : 'ऍक्सेस'. कागदात तो चार वेळा आहे. 'उपलब्धता' लिहू?

कलमबहाद्दर

नको. इंग्रजीचा एक ऍक्सेस मराठीत दोन ठिकाणी मोडतो. एक 'मिळणं', दुसरं 'हाताला लागणं'. उवाल्डेची शाळा, टेक्सस, 24 मे 2022 : एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथे अठरा वर्षांच्या मुलानं रायफल दुकानातून कायदेशीर विकत घेतली. कुणाच्या कपाटाला कितीही कुलपं असती तरी फरक पडला नसता. ते 'मिळणं'. सँडी हूक शाळा, कनेक्टिकट, 14 डिसेंबर 2012 : वीस लहान मुलं, सहा मोठी माणसं, शस्त्रं आईची, घरातली. ते 'हाताला लागणं'. काका पहिल्यावर भांडतायत, शाळेचा कागद दुसऱ्याबद्दल आहे. अमेरिकेत वाद अडतो तो बऱ्याचदा इथेच, दोघं एकच शब्द वापरून दोन गोष्टी बोलतात.

आणि दुसरी गोष्ट किरकोळ नाही. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसनं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणाऱ्या यंत्रणेनं, 2019 मध्ये शाळांमधल्या 41 हल्ल्यांचा अभ्यास केला. ज्यांनी बंदूक वापरली त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातूनच आणली होती.

डॅलसकर

मी इथे बावीस वर्षं आहे आणि माझ्या घरी पिस्तूल आहे. मराठी माणसाकडे बंदूक म्हटलं की भुवया वर जातात, माहीत आहे. माझं दुकान रात्री उशिरा बंद होतं, एवढंच सांगतो. तर दोन गोष्टी. कुलूप म्हटलं की तुम्हाला गोदरेजची तिजोरी दिसते आणि म्हणून इथला माणूस चिडतो : चोर आत शिरल्यावर किल्ली शोधू का? 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वॉशिंग्टन डीसीचा, घरातल्या बंदुकीचे भाग सुटे करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवा, हा नियम याच मुद्द्यावर रद्द केला. पण आता बोटाच्या ठशानं दोन सेकंदांत उघडणारी पेटी मिळते. माझ्या पलंगाशेजारी आहे. तिला मी 'पेटी'च म्हणतो. मुलीला तिचा नंबर माहीत नाही आणि तिचं बोट चालत नाही.

दुसरं, 'बंदूकवेडे' लिहू नका. मग आम्ही पुढचं वाचतच नाही.

तळकोकणी

वा, म्हणजे जानव्याच्या किल्लीचं काम आता बोटाकडे.

कलमबहाद्दर

डॅलसकरांमुळे ऑक्सफर्डच्या खटल्यातला बारकावा आठवला, तो खरा शब्दांचाच आहे. पिस्तूल वडिलांनी घेतलं 26 नोव्हेंबरला, शुक्रवारी. शनिवारी आई मुलाला घेऊन नेमबाजीला गेली. मंगळवारी गोळ्या. मधल्या दिवसांत पिस्तूल कुठे होतं? बचावाचं म्हणणं, कपाटात लपवलं होतं, गोळ्या वेगळ्या खणात कपड्यांखाली. पिस्तुलाबरोबर आलेलं तारेचं कुलूप मात्र पिशवीतून बाहेरच निघालं नव्हतं. घरात एक छोटी तिजोरीही सापडली, तिचा आकडा कारखान्यातून आला तोच होता : शून्य शून्य शून्य. अमेरिकेच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यानुसार विक्रेत्याला पिस्तुलाबरोबर कुलूप द्यावं लागतं. घेणाऱ्याला ते लावावं लागत नाही. मिशिगननं लावणं सक्तीचं केलं ते 13 फेब्रुवारी 2024 पासून, अल्पवयीन मूल घरात असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर.

तेव्हा सूनबाई, कागदात 'लपवणं' आणि 'कुलूप लावणं' वेगळं लिहा. पंधरा वर्षांच्या मुलापासून घरात काय लपतं? आम्ही फराळाचे डबे शोधून काढायचो.

आणि निकालानंतर ज्यूरीच्या प्रमुख बाई जे बोलल्या ते मला सगळ्या कायद्यापेक्षा स्वच्छ वाटतं. आईच्या बाबतीत त्यांना पटलेली गोष्ट अशी, की पिस्तूल हातात असलेली शेवटची मोठी व्यक्ती ती होती. फारसीतून आलेल्या 'जबाबदारी'त 'जबाब' आहे, म्हणजे उत्तर. ज्याला विचारलं जाईल तो जबाबदार. बाईंनी नेमकं तेच केलं, विचारायचं कुणाला ते ठरवलं. 'उत्तरदायित्व' हा त्याचाच सोवळ्यातला अवतार, पण तो भाषणात गेला की कुणालाच विचारलं जात नाही.

ठाणेकर काका

आणि शाळेला नाही विचारायचं? त्याच सकाळी गणिताच्या कागदावर पोरानं बंदूक काढली होती, मदत करा असं लिहिलं होतं. आईबापांना बोलावलं, त्यांनी घरी नेलं नाही, ठीक. पण शाळेनंही दप्तर न बघता त्याला वर्गात परत पाठवलं.

कलमबहाद्दर

काका, याला उत्तर नाही माझ्याकडे. 'शेवटची मोठी व्यक्ती' म्हटलं की आधीची सगळी मोठी माणसं सुटतात, हा त्या वाक्याचा दोष आहे खरा.

रात्रपाळी

मूळ शब्दावर येतो. 'बंदोबस्त' कसा वाटतो? फारसी जोडशब्द आहे, बांधणं-जखडणं असाच अर्थ. 'बंदुकीचा बंदोबस्त करा.' त्यात करणारा आपोआप येतो, कारण बंदोबस्त होत नसतो, कुणीतरी करतो. साठवणूक मात्र गोदामात आपली आपण पडून राहते.

वैदर्भीय

पण 'त्याचा बंदोबस्त करतो' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. बंदूक आणि बंदोबस्त एका ओळीत आले की वाचणारा गणपतीतल्या पोलिसांकडे तरी जाईल किंवा सुपारीकडे.

तळकोकणी

मग साधं 'कुलपात ठेवणं'. कुलूपही परकंच आहे, अरबीतलं 'कुफ्ल' आपण उलटंपालटं केलं. पण साडेतीनशे वर्षं तरी आपल्याच दाराला असेल.

डेट्रॉइटची सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री नव्याने लिहून फ्रिजवर लावलंय, सुरुवात अशी :

'घरात बंदूक असेल तर घरातल्या मोठ्या माणसांनी ती रिकामी करून कुलपात ठेवावी. गोळ्या वेगळ्या, त्यांनाही कुलूप. लपवून ठेवणं म्हणजे कुलूप नव्हे. किल्ली किंवा नंबर मुलांना माहीत नसावा.'

'ऍक्सेस' काढून टाकला. पुढे सगळीकडे 'मुलांच्या हाताला लागू नये' आलंय, आणि पहिल्याच ओळीत 'घरातल्या मोठ्या माणसांनी' असा कर्ता बसवला, रात्रपाळींच्या धास्तीनं.

प्रश्नाचं काम सासूबाईंनीच केलं. त्या म्हणाल्या, वेगळा विचारूच नकोस, मी दारातच सगळं एकदम विचारते. परवा शेजारणीच्या दारात मी दुभाषी म्हणून उभी होते. त्यांचं मराठी असं होतं : "कुत्रं बांधलेलं आहे ना? शेंगदाण्याचं काही देऊ नका, याला चालत नाही. आणि बंदूक असली तर कुलपात आहे ना?" मी तिन्ही प्रश्न त्याच क्रमानं इंग्रजीत सांगितले. शेजारीण दुसऱ्या प्रश्नापर्यंत हसत होती. तिसऱ्याला थांबली, म्हणाली, आहे, माझ्या नवऱ्याची, तळघरात. कुलपाचं त्याला विचारून सांगते. आम्ही म्हटलं, तोपर्यंत मुलं आमच्याकडे खेळू देत. आली ती, दोन तास धुडगूस.

शुद्धलेखनवेडा

चर्चा उशिरा पाहिली. 'कुलपात' की 'कुलुपात'? सूनबाईंनी 'कुलपात' लिहिलंय.

तळकोकणी

परीट : परिटाला, परटाला. तसंच. पहिलं अक्षर ऱ्हस्व असलं की दोन्ही चालतात.

डेट्रॉइटची सून

बरं झालं, लॅमिनेट केलंय. आणि शेजारणीचा आत्ताच निरोप आला : तारेचं कुलूप होतं, डब्यातच. नवऱ्याला आज लावायला सांगितलंय.