सल्ला हवा: घाटात मागचं आतलं चाक मोकळं फिरतंय, एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) बसवू का?

मिऱ्यावरचा:
रत्नागिरीत असतो. जुनी टू-सीटर घेतलीय. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, दोन्ही चाकांना जोर वाटणारा डिफरन्शियल साधा, म्हणजे ओपन. आधीच्या मालकाने कडक स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवलीय, मागे जाड अँटी-रोल बारही (वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) आहे. आंबा घाट चढताना घट्ट वळणातून दुसऱ्या गियरला ॲक्सिलरेटर दिला की आतलं चाक नुसतं गरगरतं. पावसात तर विचारूच नका. एलएसडी गियरवाला टॉर्सन घेऊ की क्लचवाला?

कुडाळचो:
आधी टायर बघ रे बाबा. एलएसडी मागसून.

स्पॅनर१०:
थांबा दादा, पैसे खर्च करण्याआधी तो मागचा जाड बार बघा. मला तरी तोच गुन्हेगार वाटतो.

ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो. म्हणजे आतलं चाक १०० न्यूटन-मीटरच पेलत असेल, तर बाहेरच्यालाही १००च, एकूण २००. वळणात वजन बाहेरच्या चाकांकडे जातं. ते एकूण किती जाणार हे वेग, गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर यांवर ठरतं, बारवर नाही. बार एवढंच ठरवतो की त्यातलं किती पुढच्या ॲक्सलवर आणि किती मागच्या. मागचा जाड केला की मागचं आतलं चाक हलकं होणारच. पुढून जोर असलेल्या गाडीत चालून जातं, तुमच्यात तेच चाक कामाचं.

कोल्हापूरला कार्टिंग केलं असेल तर आठवा: कार्टला डिफच नसतो, अख्खा ॲक्सल एकसंध. म्हणून तिथे आतलं मागचं चाक मुद्दाम उचलावं लागतं, नाहीतर कार्ट वळतच नाही. तुमच्या गाडीत नेमकं उलटं हवंय.

दुसरं, कडक स्प्रिंगांवर चाक फार खाली लोंबत नाही. हेअरपिनची आतली बाजू जास्त चढाची, तिथे चाक हवेत राहतं. शॉकअप ॲडजस्टेबल असतील तर रिबाउंड (शॉकअप परत लांब होतानाचा अडथळा) थोडा सैल करा. कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेरचा कल) तपासा. निगेटिव्ह, म्हणजे वरून आत झुकलेला, फार असेल तर सरळ जोर देताना टायर आतल्या कडेवरच टेकतो.

घाटप्रेमी:
सार्वजनिक घाट आहे, रेसट्रॅक नाही. समोरून एसटी येते, एवढं लक्षात ठेवा.

बावनदी:
स्पॅनरदादांशी सहमत. तरीही एलएसडी घेणारच असाल तर गियरवाल्या टॉर्सनची मेख अशी, की तो गुणाकार करतो. २.५ पट वाटप असेल तर १०० पेलणाऱ्या चाकासोबत दुसऱ्याला २५०, एकूण ३५०. पण आतलं चाक हवेत गेलं की शून्याची अडीच पट शून्यच. म्हणजे सस्पेन्शन आहे तसंच ठेवलंत तर टॉर्सनचे पैसे पाण्यात. क्लचवाल्यात प्रीलोड (प्लेटांवर आधीच दिलेला दाब) असतो, त्यामुळे चाक उचललं तरी थोडा जोर जातो. पण प्लेटा झिजतात, तेल वेगळं लागतं, पार्किंगमध्ये कटकट आवाज येतो. टू-वे घेऊ नका. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तो आवळतो, ओल्या उतारावर गाडी वळायला नको म्हणते.

आणि पावसाचं वेगळंच आहे. रस्त्यावर जांभ्याची लाल माती वाहून आली की ओपन डिफमध्ये एकच चाक सुटतं, दुसरं गाडीचं शेपूट धरून ठेवतं. एलएसडीत दोन्ही एकदम सुटतात. जमत असेल तर मजा, नसेल तर गटार.

मिऱ्यावरचा:
बार काढून बघायचा तर कसा? बाहेर पाठवायला लागेल का?

स्पॅनर१०:
छे. पूर्ण काढू नका, बारची टोकं सस्पेन्शनला जोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लिंक सोडा. एकच सोडलीत तरी बार निकामी होतो, पण सुटलेलं टोक लटकून आपटतं. सोडल्यावर बार दोन्ही बाजूंना बांधून ठेवा, चाकाला किंवा ब्रेकच्या पाइपला लागता कामा नये. मागचा जोर सुधारेल, पुढचं टोक मात्र वळणात थोडं बाहेर ढकलेल, तेव्हा सुरुवातीला सावकाश. फरक जाणवला तर बारीक बार किंवा मूळचा शोधा. आणि मिऱ्याच्या खाऱ्या हवेत लिंकचे नट गंजून धरलेले असणार, आदल्या रात्रीच गंजतेल मारून ठेवा.