चांदीपुरा विषाणू सापडून साठ वर्षे झाली, तरी लस का नाही?

वैनगंगाकाठ यांचा प्रश्न

मी भंडारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पावसाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या पालकसभेत मुलांच्या मेंदूज्वराविषयी बोलायचे आहे, म्हणून थोडे वाचन करत होतो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू सापडला आणि गावाचेच नाव त्याला मिळाले, एवढे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. २००३ मध्ये त्यावेळच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुले या आजाराने आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. २००७ मध्ये आपल्याच नागपूर विभागात साथ आली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा तेच घडले.

माझे प्रश्न दोन आहेत. आपल्याच राज्यात सापडलेल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत इतका अभ्यास झालेल्या या विषाणूवर आजही लस किंवा खात्रीचे औषध का नाही? दुसरे असे, की २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वरसदृश आजाराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले, पण चांदीपुराचे निदान ६४ जणांतच पक्के झाले. मग उरलेल्या मुलांना नेमके काय झाले होते? पालकांनी हे विचारले, तर संशोधक हातावर हात ठेवून बसले आहेत, असे माझ्या तोंडून जाऊ नये, पण खोटा दिलासाही द्यायचा नाही.

---

काचपट्टी यांचे उत्तर

गुरुजी, मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत बराच काळ काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला हात घालतो.

हा विषाणू सापडला तेव्हा त्याला कोणी मुलांच्या मेंदूचा आजार समजत नव्हते. विदर्भातील तापाच्या साथीचा शोध घेताना पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) भट आणि रॉड्रिग्ज यांनी तो प्रौढ रुग्णांच्या रक्तातून वेगळा काढला आणि १९६७ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्याच कुळातला पण वेगळ्या शाखेचा, असा त्याचा परिचय झाला. पुढे पाहण्या केल्या तेव्हा अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे आढळली, म्हणजे पुष्कळांना हा संसर्ग नकळत होऊन गेलेला होता. अशा विषाणूवर लस करा, असे त्या काळी कोणी म्हटले असते, तर त्याला अनुदान मिळाले नसते, आणि ते अन्यायाचेही ठरले नसते. चित्र बदलले ते २००३ मध्ये. तेव्हा करीमनगर, वरंगळ या भागातील मुलांचे नमुने पुण्याला आले आणि विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा माग काढणाऱ्या पीसीआर चाचणीने त्यांत चांदीपुरा दिसला. साठ वर्षे म्हणताना गंभीर संशोधनाचा काळ खरे तर त्याच्या एक तृतीयांशाहून थोडाच अधिक आहे.

लसीचा विचार झालाच नाही, असे मात्र नाही. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत व्हेरो या प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींवर विषाणू वाढवून, तो निष्क्रिय करून तयार केलेली लस उंदरांवर तपासली गेली आणि तिने संरक्षणही दिले. अडचण त्यानंतरची आहे. लस माणसात उपयोगी पडते हे दाखवायचे, तर आजार कुठे आणि केव्हा येणार याचा अंदाज हवा, म्हणजे तिथल्या हजारो मुलांपैकी काहींना लस देऊन आणि काहींना न देऊन फरक मोजता येतो. चांदीपुरा २००३ मध्ये आंध्रात, २००४ मध्ये पूर्व गुजरातेत, २००७ मध्ये आपल्याकडे आला. एका गावात सहसा एखादेच मूल आजारी पडते, शेजारचे घर कोरडे राहते आणि पुढच्या वर्षी त्या तालुक्यात काहीच घडत नाही. अशा आजारावर चाचणीसाठी किती मुले लागतील याचे गणित मांडायला बसलो, की आकडा हाताबाहेर जातो.

जपानी मेंदूज्वराशी तुलना करून पाहा. तो गोरखपूर भागात वर्षानुवर्षे ठरलेल्या हंगामात येत राहिला, आशियातील इतर देशांतही होता आणि चीनमध्ये त्याची लस आधीच वापरात होती. २००५ मध्ये उत्तर प्रदेशात हजाराहून अधिक बळी गेल्यावर २००६ पासून तीच लस भारतात मोहिमेने देता आली. नंतर कर्नाटकातील कोलारच्या रुग्णातून मिळालेल्या विषाणूपासून भारतीय लसही तयार झाली. चांदीपुराला असा मोठा शेजार नाही. आफ्रिकेत तो वाळूमाश्यांत आणि साळूसारख्या एका लहान प्राण्यात सापडलेला आहे, पण तेथे मुलांच्या साथी नोंदल्या गेलेल्या नाहीत. त्यामुळे परदेशी कंपन्यांना त्यात बाजार दिसत नाही. औषधांच्या बाबतीत फॅविपिराविर या विषाणुरोधक औषधाचे प्रयोग पेशी आणि उंदरांवर आशादायक ठरले आहेत, परंतु उंदरापासून आजारी मुलापर्यंतचे अंतर फार मोठे असते, म्हणून पालकसभेत त्याचे नाव न घेतलेलेच बरे.

---

बालरुग्णकक्ष यांचे उत्तर

काचपट्टी सरांचे म्हणणे मान्य आहे, पण लस का नाही, यापेक्षा गुरुजींचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण उद्या चांदीपुराची लस आली, तरी मेंदूज्वराच्या वॉर्डातील बरीचशी मुले तिच्या कक्षेबाहेरच राहतील.

शासकीय अहवालात जो मेंदूज्वरसदृश आजार लिहिलेला असतो, तो एक आजार नसून मोठी टोपली आहे. अचानक ताप आणि त्यासोबत शुद्ध हरपणे, गोंधळणे किंवा नव्याने झटके येणे, एवढ्यावर मुलाची नोंद त्या टोपलीत होते. तीत जपानी मेंदूज्वर असतो, नागिणीचा विषाणू असतो, डेंग्यू असतो, स्क्रब टायफस असतो, क्षयाचा मेंदूज्वर असतो आणि संसर्ग नसलेली विषबाधासुद्धा असते. २४५ पैकी ६४ हे प्रमाण तुम्हाला कमी वाटले, पण इतक्या मुलांत एकाच विषाणूचा पक्का पुरावा हाती लागणे ही माझ्या मते बरी कामगिरी आहे.

पुरावा का निसटतो, हे वॉर्डातच कळते. चांदीपुराच्या आजारात सकाळी खेळणारे मूल दुपारी तापते, रात्री झटके येतात आणि अनेकदा २४ ते ४८ तासांत सारे संपते. प्रतिपिंडे तयार व्हायला शरीराला काही दिवस लागतात, तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून त्यांची चाचणी नकारात्मक येते. पीसीआरसाठी नमुना लवकर घेऊन थंड पेटीतून पोहोचवावा लागतो. पाठीतले पाणी काढायचे म्हटले, की नातेवाईक हात जोडतात, कारण त्याने पाय जातात किंवा मूल दगावते, अशी समजूत गावोगाव आहे. शिवाय मेंदूवर सूज आलेल्या मुलात ती तपासणी लगेच करणे डॉक्टरलाही धोक्याचे वाटते. मूल गेल्यावर शवविच्छेदनाला संमती मिळणे तर दुर्मीळच, आणि मी त्या आईबापांना दोष देणार नाही.

२००३ च्या साथीतच यावरून मोठा वाद झाला होता. मुलांच्या पाठीतल्या पाण्यात मेंदूच्या दाहाची चिन्हे फारशी नव्हती आणि लक्षणे पक्षाघातासारखी होती, म्हणून काही डॉक्टरांनी हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आघात असावा, असे मत मांडले. नंतरच्या साथींत विषाणू पुनःपुन्हा सापडल्याने त्याची भूमिका पक्की झाली. पण तो मेंदूला इतक्या झपाट्याने इजा कशी करतो, हा त्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मला आजही अस्सल वाटतो.

टोपली उपसल्यावर काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण बिहारमधील मुझफ्फरपूरचे आहे. तेथे दर उन्हाळ्यात मुलांना पहाटे झटके येत आणि मृत्यू होत, आणि वर्षानुवर्षे विषाणूच शोधला जात होता. २०१४ च्या हंगामात दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली, त्यांपैकी १२२ दगावली. भारतीय आणि अमेरिकन रोगनियंत्रण संस्थांच्या संयुक्त अभ्यासात दिसले, की दाखल होताना रक्तातील साखर तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांमध्ये ती ७० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होती. पाठीतल्या पाण्यात दाहाची चिन्हे बहुधा नव्हती. आदल्या दिवशी लिची खाणे आणि रात्री न जेवता झोपणे यांचा आजाराशी संबंध आढळला. लिचीतील हायपोग्लायसिन आणि त्याचा एक जवळचा नातलग हे पदार्थ उपाशी मुलाच्या शरीरात साखर तयार होऊ देत नाहीत. म्हणून मुलाला रात्री जेवू घाला आणि ते आजारी पडल्यास लगेच साखर तपासून ग्लुकोज द्या, असा सल्ला दिला गेला, ज्याला ना लस लागते ना महागडी यंत्रणा. तरीही २०१९ मध्ये तेथे पुन्हा शंभरावर मुले गेली, हे सांगताना मला राग येतो, कारण तोवर कारण छापून प्रसिद्ध झालेले होते.

गोरखपूरला तर बरीच वर्षे अज्ञात म्हणून नोंदलेल्या आजारात स्क्रब टायफसचा मोठा वाटा निघाला. झुडपांतील बारीक कीटकाच्या चाव्याने होणाऱ्या या आजारावर डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही साधी औषधे चालतात, फक्त ती वेळेत सुरू व्हायला हवीत.

---

निवृत्त कीटक समाहारक यांचे उत्तर

दोन्ही डॉक्टर मंडळींनी मुलाकडून सुरुवात केली. मी हिवताप कार्यालयात कीटक समाहारक होतो, म्हणून भिंतीकडून सांगतो.

चांदीपुरा वाळूमाशीमुळे पसरतो, असे मानले जाते. ती डासाच्या एक चतुर्थांश एवढी, अंगावर केस असलेली, बसताना पंख उभे धरणारी माशी आहे. ती लांब उडत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते आणि नेहमीच्या मच्छरदाणीच्या जाळीतून सहज आत येते. आम्ही पहाटे बॅटरीच्या उजेडात मातीच्या घरांच्या आणि गोठ्यांच्या भेगा पाहत असू, आणि काचेच्या नळीने तोंडाने हवा ओढून ती पकडत असू. लोक कीटकजन्य आजार म्हटले, की लगेच टाक्या रिकाम्या करतात आणि कोरडा दिवस पाळतात. ते डेंग्यूसाठी योग्यच आहे, परंतु वाळूमाशी पाण्यात अंडी घालत नाही. ती ओलसर माती, शेण, कुजका पालापाचोळा आणि भिंतींच्या फटी यांत वाढते. त्यामुळे भेगा लिंपणे, उकिरडा घरापासून दूर हलवणे आणि जनावरे झोपण्याच्या जागेपासून वेगळी बांधणे, हीच कामे उपयोगाची ठरतात. गुजरातेतही भेगांमध्ये मॅलाथिऑनची भुकटी टाकण्याचे काम झाले.

---

वैनगंगाकाठ

आपणा सर्वांचा आभारी आहे. डॉक्टर, एकच विचारतो. दूरच्या वाडीवरच्या आईला मी नेमके काय सांगू?

---

बालरुग्णकक्ष

तापात मूल दचकत असेल, ओळखत नसेल किंवा झटका आला असेल, तर सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. झटका सुरू असताना तोंडात पाणी, कांदा किंवा चमचा घालू नये, मुलाला कुशीवर ठेवावे. ताप किती वाजता आला, रात्री मूल जेवले होते का, आणि झटका केव्हा आला, या तीन गोष्टी कागदावर लिहून सोबत आणाव्यात. पहिला नमुना कोणत्या चाचणीसाठी पाठवायचा, हे बऱ्याचदा त्या कागदावरून ठरते. रक्तातील साखर तपासण्याचे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, त्यामुळे जिल्ह्याला पाठवण्याआधी तेवढी तपासणी करून घ्यायला आईने विसरू नये.