कोळशाची गाडी आधी का?

बी-३०२ : काका, लेकीला शाळेत बोलायचंय. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये कोळशासाठी प्रवासी गाड्यांच्या साडेसहाशेहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या, हे तिने वाचलं. कोळसा इतका लागतो तरी किती, म्हणते.

ए-१०४ (काका) : ५०० मेगावॅटचा वीज बनवणारा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साधारण साडेसात हजार टन. एका रेकला, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीला, ५८-५९ वॅगन, म्हणजे चार हजार टनांच्या आसपास. एका संचाला रोज दोन रेक! शिवाय रिकामा रेक खाणीवर परत जातो तोही त्याच रुळावरून.
मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलला होतो, म्हणजे एका टप्प्यातल्या गाड्या कधी-कुठे सोडायच्या ते ठरवायचो. चार्टवर पेन्सिलने गाड्यांच्या रेघा ओढायचो. उन्हाळ्यात त्या इतक्या दाट व्हायच्या की खोडरबर फिरवायला जागा राहायची नाही. एक मालगाडी मध्येच बसली की मागच्या सगळ्या अडकल्या.

डी-२०१ : मग मालगाड्या वाढवायच्या ना?

ए-१०४ (काका) : चालवायच्या कोणत्या रुळांवरून? रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने निम्म्याच्या आसपास कोळसाच आहे. मला सलतं ते वेगळंच. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख. म्हणजे प्रत्येक रेकबरोबर बाराशे ते सोळाशे टन राख शेकडो किलोमीटर ओढत न्यायची.

सी-५०१ (ताई) : म्हणूनच खाणीजवळ वीज करून तारेने न्यायची. चंद्रपूर-पडघे एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेची) लाइन १९९९ पासून आहे, ७५२ किमी, १५०० मेगावॅट. पण तारेलाही मर्यादा असते. प्रवाह वाढला की ती तापते, लांबते, झोळ खाली येतो. एक लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की तिचा भार शेजारच्यांवर. ३० जुलै २०१२ ला बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि उत्तर भारताची ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही. ६० कोटींहून जास्त लोक विजेविना होते.

डी-२०१ : सोलर वाढलं की हे सुटेल.

सी-५०१ (ताई) : रुळावरचा भार हलका होईल, तारेवरचा वाढेल. राजस्थानात सोलर प्लँट दीड-दोन वर्षांत उभा राहतो. तिथली वीज दूर नेणाऱ्या ७६५ केव्हीच्या (७.६५ लाख व्होल्टच्या) लाइनला जमीन, परवानग्या, टॉवर यांत त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. मग भर दुपारी उत्पादन कमी करा म्हणून सांगावं लागतं. ऊन आहे, पॅनेल आहेत, वीज न्यायला वाट नाही. फार जिवाला लागतं हे. प्लँटपाशीच बॅटरी ठेवली तर दुपारची वीज रात्री त्याच तारेतून पाठवता येते. ते व्हायलाच हवं.

बी-३०२ : लेक विचारते, राख खाणीवरच वेगळी नाही का करता येत?

ए-१०४ (काका) : हुशार आहे पोर. वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यात, धुऊन बरीच कमी होते, पण सगळी नाही, ती कोळशात भिनलेली असते. ५०० किमीपेक्षा लांब न्यायच्या कोळशात राख ३४ टक्क्यांच्या आतच हवी, असा नियम २०१४ मध्ये केला होता. २०२० मध्ये तो काढला. मला ते अजिबात पटलेलं नाही.
तिला उद्या संध्याकाळी पाठव. जुना कंट्रोल चार्ट आहे माझ्याकडे, दाखवतो.